बाटलीची अनामत

सदाशिव पेठेत आमच्या घरासमोर एका काकांचं थंड पेयांचं दुकान होतं. काचेची बाटली तिथेच उभं राहून प्यायची. घरी न्यायची असेल तर आधी अनामत ठेवायची. एकदा त्यांचे व्याही म्हणाले, "अहो, मी काय परका आहे का?"

काका फडक्याने बाटलीचं तोंड पुसत म्हणाले, "तुम्ही आमचेच. बाटली कंपनीची आहे."

व्याह्यांनी पैसे काढून ठेवले.

काकांना नात झाली त्या दुपारी मात्र ते क्रेट घेऊन दारोदार फिरले आणि माणशी एक बाटली देत सुटले. आमच्याकडे आले तेव्हा मी सवयीने पाकीट आणायला वळलो.

"राहू द्या. आज अनामत नको," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत सगळ्या गल्लीने रिकाम्या बाटल्या धुऊन त्यांच्या पायरीवर आणून ठेवल्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या.

"तीन जास्त आल्यात. इतकी वर्षं कुणाकडे होत्या?" असं विचारून ते स्वतःच आधी हसले. मीही हसलो. त्यातली एक आमच्या माळ्यावरची होती.