पाहुण्यांच्या गाद्या

उदगीरमध्ये रग्बीचा चाहता एकच, आणि तो डाळमिलचा मुकादम. शिवमूर्तीअण्णा. वय सदुसष्ट, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात सदानकदा आमच्या शाळेतल्या मुलींची नावं. मी त्या शाळेतली खेळाची बाई, सौदामिनी. माणूस लाखाचा, पण त्या उन्हाळ्यात दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

ओळख झाली ती गरजेपोटी. रग्बीत चेंडू घेऊन पळणारीला कमरेला धरून पाडावं लागतं, आणि पाडणारीही सोबत पडते. आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. मिलच्या मागे तुरीच्या टरफलांचा हा मोठा ढीग पाहिला आणि मी अण्णांना विचारलं, सकाळी तासभर मुलींना यात पडू द्याल का. त्यांनी आधी मला वेड्यात काढलं, मग मालकाला विचारून हो म्हटलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची टाकून बघायला बसले ते कायमचेच.

पहिलं वर्षभर ते "पुढं फेक, पुढं" म्हणून ओरडत. या खेळात हातातला चेंडू मागेच द्यायचा असतो, पुढे फेकला की चूक. त्यांचं ऐकून आमच्या मुलींनी लातूरला एक सामना घालवलासुद्धा. त्यानंतर मात्र नियम मुलींपेक्षा त्यांनाच जास्त पाठ झाले. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा ही मागणी गावात जुनीच, पण ती रग्बीसाठी करणारे तेवढे एकटेच. जिल्हा झाला की संघ वेगळा, आणि संघ वेगळा झाला की आमची तारामती कर्णधार, असं त्यांचं सरळ म्हणणं.

तारामती आमची सगळ्यात धीट मुलगी. तिच्या अंगावर चाल करून जायला नववीतल्या थोराड पोरीही बिचकत.

२०१९ चा तो उन्हाळा. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि छावण्यांतून जनावरं चाऱ्यासाठी ताटकळत उभी होती. एप्रिलात एका सकाळी आम्ही मिलवर गेलो तर ढीग गायब. अण्णांनीच मालकाच्या मागे लागून सगळी टरफलं छावणीला पाठवली होती. मी भांडायला गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पोरी उद्या बी खेळतील. मुकं जनावर उद्यापतुर थांबत न्हाई."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला राग जास्त आला आणि मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

आम्ही मुरमावरच सराव धरला. आठव्या दिवशी तारामती खांद्यावर आपटली. खांदा महिन्यात बरा झाला, धीर काही बरा होईना. समोरून कुणी पळत आलं की ती ऐनवेळी बाजूला सरायची. जुलैच्या सुरुवातीला पुण्यात राज्याच्या शिबिरासाठी निवड होती. जिला पाडता येत नाही तिला तिथे कोण घेणार? तिलाही ते कळत होतं.

जूनमध्ये बातमी आली. आपल्या देशाच्या मुलींनी सिंगापूरला हरवलं होतं, अवघ्या दोन गुणांनी. पंधरा-पंधरा जणींच्या मोठ्या रग्बीतला आपला पहिलाच विजय. त्या दिवशी अण्णा प्रथमच माझ्या घरी आले. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात मोबाइल. मला वाटलं, आता नाचतील. ते ओट्यावर बसले आणि मोबाइलवरचा त्या मुलींचा फोटो माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्या पोरी किती वर्सं हरत राहिल्या असतील," ते म्हणाले. "पडल्या असतील, उठल्या असतील. पडायला कुणीतरी जागा दिली असंल त्यांना. मी दिलेली जागा काढून घेतली."

माझा राग तिथेच विरला. जनावरं जगली ना, मी म्हटलं. टरफलं दिल्याचा पस्तावा त्यांना नव्हताच. पण दुसरी जागा शोधायला हवी होती, आणि ती आपण शोधली नाही, हे त्यांना खात होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मिलचा हातगाडा आला. त्यावर सात गाद्या. अण्णांच्या घरातल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या, आणि खराब होऊ नयेत म्हणून वरून पोती शिवलेल्या. ते काम त्यांच्या बायकोचं, गुरम्माकाकूंचं. पाणीच नाही तर यंदा पाहुणे येणार कोण, असं म्हणून त्यांनीच गाद्या काढून दिल्या होत्या.

गाद्या अंथरल्या, तरी तारामती जागची हलेना. अण्णांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, गळ्यातलं लिंग नीट बंडीत सारलं आणि चेंडू काखेत घेतला.

"मला पाड," ते म्हणाले.

"अण्णा, तुमाला लागंल."

"तेच बघायचं हाय."

ते पळत आले. पळत म्हणजे आपलं त्यांच्या वयाच्या मानानं. तारामती बाजूला सरली. ते परत फिरले, पुन्हा आले, ती पुन्हा सरली. तिसऱ्यांदा ते धापा टाकत आले आणि तिने डोळे मिटून त्यांच्या कमरेला मिठी घातली.

दोघंही गादीवर धपकन आडवी झाली. कापसाची धूळ उडाली. अण्णांनी पडल्या पडल्या एका हातानं चेंडू मागे सरकवून सोडून दिला, अगदी नियमाप्रमाणे.

तारामती आधी उठली. खांदा चाचपला आणि त्यांच्यापुढे हात केला.

"उठा अण्णा," ती म्हणाली, "आणिक एकदा."