मामांच्या समुद्रातला देव

बुलढाणा जिल्ह्यात एकेकाळी समुद्र होता, हे आमच्या मामांना जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं खुद्द समुद्रालाही नसेल. मामा कचेरीत कारकून, पण मन सदा लाटांवर. महाराष्ट्र नुकताच झाला होता, जो तो मुंबई मिळाल्याच्या आनंदात, मामा म्हणायचे, "मुंबईच्या समुद्राचं काय कवतिक सांगता बे? आपला त्याच्याहून जुना हाय!" देऊळघाटाकडे विहीर खणतायत असं कळलं की यांची सायकल निघालीच. ढिगाऱ्यावर बसून दगड झालेल्या गोगलगायी वेचायच्या आणि घरी आणून एकेकीचं चित्र काढायचं. एकदा मामीला घेऊन शेगावला दर्शनाला निघाले, वाटेत असाच ढिगारा दिसला म्हणून येष्टीतून उतरले. मामी दर्शन घेऊन परत आली तरी हे तिथंच, डोळे मिटून. म्हणे, "गाज आयकून राह्यलो."

अशात त्यांना बोराएवढा एक शंख सापडला. त्याच्या वेढ्यांवर केसासारख्या बारीक रेषा होत्या, कुठल्याच पुस्तकात नव्हत्या. चित्र नागपूरच्या एका प्राध्यापकांकडे गेलं आणि उत्तर आलं: रेषा खऱ्या असतील तर जात नवी, शंख पाठवा, नाव तुम्हीच सुचवा. मामा महिनाभर जमिनीवर चालले नाहीत. नाव कोणतं, ते मात्र सांगेनात.

शंख त्यांनी मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, म्हणजे देवघरात ठेवला होता. पाठवायला काढला तर गुळगुळीत! जन्मात देवाला फूल न वाहिलेल्या नवऱ्यानं देव आणला म्हणून मामी हरखली होती. पितळेच्या देवांबरोबर तिनं त्यालाही रोज चिंचेनं घासलं होतं.

"केवढा मळ बसला व्हता त्याच्या खाचेत!" ती कौतुकानं म्हणाली.

मामा कितीतरी वेळ शंखावरून नख फिरवत राहिले. मग म्हणाले, "राहू दे तिथंच. मी निस्तं नाव देणार व्हतो, तिनं तं देव केला." प्राध्यापकांना त्यांनी पुन्हा कधी लिहिलं नाही.

मामा गेल्यावर त्यांच्या वहीत ते चित्र सापडलं. खाली ठरवलेलं नाव होतं: सुभद्रा. ज्या माणसानं जन्मभर बायकोला नावानं हाक मारली नाही, त्यानं ते इतक्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मी मामीला रेषांसकट ते चित्र दाखवलं, नाव वाचून दाखवलं.

"गोगलगायीले माह्यं नाव?" ती लाजली. मग शंख हातात घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात धरून चित्रातल्या रेषा शोधत राहिली.

"एकबी नाही राह्यली का रे?" तिनं विचारलं.