शेजारच्या भाऊंची कुंभारीण

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कुणावर लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. चुकलं तर माफ करा. पण कुंभारीण माशीचा आमच्या शेजारच्या भाऊंइतका मान राखणारा माणूस अख्ख्या सिंदेवाही तालुक्यात नसेल, एवढं मात्र ठामपणे लिहितो.

ही माशी एकटी राहते. चिखलाच्या गोळ्या आणून मडक्यासारखं घर करते, आत गुंगवलेल्या अळ्या भरते, एक अंडं घालते, तोंड लिंपते आणि निघून जाते. आमच्याकडे समजूत अशी, की तिनं घरात घर केलं की त्या घरच्या लेकीसुनेची कूस उजवते. भाऊंची एकुलती लेक गोंडपिपरीकडे दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. मग भाऊ घरटं मोडू देतील कसे? कोनाड्यात, टीव्हीमागे, मासे धरायच्या जाळ्याच्या काठीवर, सगळीकडे चिखल. कुलपाच्या भोकात माशीनं माती भरली, तेव्हापासून घराला कुलूप नाही. एकुलत्या चांगल्या सदऱ्याच्या बाहीत घरटं झालं, तर पुतण्याच्या लग्नात हे बनियनवर दुपट्टा टाकून पंगतीला बसले.

काकू चिडायच्या. "पोरीले दवाखान्यात न्या म्हणते, तर हे माशीचे बाळंतपणं करून राह्यले!"

"नेलं ना. डॉक्टर म्हणे, वाट पाहा. तेच करून राह्यलो."

पडवीतल्या गांधीलमाश्या त्यांना डसल्या, तरी राग नाही. गाल सुजलेला, आणि पोळ्याकडे बघत म्हणाले, "याइचं बरं हाये बापा. साऱ्या मिळून पोरं पोसतात. कुंभारीण बिचारी एकटीच."

वर्गात शिकलेलं मी एकदा भीतभीत सांगितलं, "भाऊ, तिले कोरडा आडोसा पाह्यजे. ती कोणाच्याई घरी घर करते."

"कोणाच्याई घरी करते ना?" भाऊ हळूच म्हणाले, "मंग आमच्याच घरी काऊन नाई करावं?"



आता मी चंद्रपूरला वसतिगृहात असतो. परवा आईचा फोन आला. जावयानं दुसरी बायको केली. भाऊंची लेक कायमची माहेरी आली.

"ती यायच्या आधी भाऊनं खुरप्यानं साऱ्या भिंती खरडल्या," आई म्हणाली. "पोरीच्या नजरेले एकही घरटं पडू नये म्हणे. तोंड लिंपलेले तेवढे टोपल्यात घेतले, अन् तलावाच्या पाळीवरच्या देवळात ठेवून आले."