पाचवी चकती

मामाला बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय नव्हती. तो सायकलीकडे बघून बोलायचा. नवख्या गिऱ्हाईकाला वाटे, हा आपल्याला टाळतोय. खरं तर तो दोघांचंही ऐकत असे, फक्त भरवसा सायकलीवर जास्त ठेवी.

त्या रविवारी दुकानात त्याची मोठी बहीण, म्हणजे माझी आई उभी होती. ती टेकडीवरच्या दवाखान्यात नर्स. एकतीस वर्षं तिने तो चढ याच निळ्या सायकलीवर काढला. गेल्या महिन्यात मात्र ती दोनदा अर्ध्यावर उतरली आणि सायकल ढकलत पोचली. डॉक्टर म्हणाले, आता पायथ्याच्या कचेरीत बसा.

“आज चढ जमला तर ठीक,” आई म्हणाली. “नाहीतर उद्या मी कचेरीला हो म्हणते. गुडघे दुरुस्त करत नाहीस ना तू?”

“सुटे भाग मिळत नाहीत.”

मामाने सायकल टांगली आणि पायडल फिरवलं. मागच्या चाकाला पाच चकत्या, सगळ्यांत मोठी पाचवी, ती चढासाठी. चेन सरकवणारा डिरेलर तिला एकेक चकती वर ढकलत गेला आणि चौथीवर अडला. मामाने हँडलजवळचा खटका आणखी ओढला. चेन हलेना. चौथीचे दाते झिजून बोथट झाले होते. पाचवीचे काळ्या मळाखाली जसेच्या तसे होते.

डिरेलरने कुठवर सरकायचं ते ठरवणारा छोटा स्क्रू त्याने वाकून बघितला. तो पार आत पिळलेला होता. मामाचा हात थांबला.

बारा वर्षांपूर्वी चेन पाचवीच्याही पलीकडे जाऊन आऱ्यांत अडकली होती. आई पडली, मनगट मोडलं. दोष डिरेलर धरणाऱ्या वाकलेल्या पट्टीचा होता. ती सरळ करायला हवी होती. पण बहिणीचं प्लास्टर बघून हा घाबरला. स्क्रू पिळला, वर चेन पाचवीपर्यंत पुरूच नये म्हणून तिच्या दोन कड्याही काढल्या. ती बरी झाली की नीट करू, असं ठरवलं आणि राहून गेलं. घाबरलेल्या माणसाचं काम बाहेरून नीटनेटकंच दिसतं. पडल्यापासून आईही खटका जपूनच ओढायची, त्यामुळे पाचवी लागत नाही हे तिला कळलंच नाही.

मामाने मान वर केली आणि थेट तिच्याकडे बघितलं.

“ताई, पाचवी बंद होती. मीच केली होती. तुझा हात मोडला तेव्हा.”

आईने पाचवीवरचा मळ बोटाने पुसून बघितला. मग म्हणाली, “म्हणजे मी त्या चढावर स्वतःला म्हातारी म्हणत होते, आणि तू इथे बसून…”

“चहा पीत होतो.”

ती हसली नाही.

मामाने लांब पाना लावून पट्टी हळूहळू सरळ केली. नवी चेन दोन कड्या जास्त ठेवून जोडली. स्क्रू पाव-पाव फेरा सोडला. चेन पाचवीवर चढली, पलीकडे गेली नाही. त्याने तेच चाळीसेक वेळा करून बघितलं.

“आधी मी चढून येतो.”

“सरक बाजूला. चढ माझा आहे.”

तो पेचकस हातात घेऊन पायथ्याशी उभा राहिला. ती जिथे उतरायची त्या वळणावर सायकल फार सावकाश झाली, जवळजवळ थांबलीच. पण पाय फिरत राहिले. मग ती वळणाआड गेली.

खाली आल्यावर तिला दम लागला होता.

“ब्रेक घट्ट कर,” ती म्हणाली. “आणि त्या स्क्रूला पुन्हा न विचारता हात लावलास, तर या वेळी प्लास्टर तुला घालीन. मलाच घालावं लागेल, मी वर दवाखान्यातच असणार आहे.”