पडलेलं उचलणारा

गाडी नागपूरला रिकामी झाली की तो पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरायचा. डाव्या हाताने डोक्यावरची टोपी दाबून धरायची, कमरेत वाकायचं आणि उजवा हात बाकाखाली घालायचा. हात बाहेर यायचा तो सिगारेटचं रिकामं पाकीट घेऊन. त्यातलं चित्र काढायचं, फुंकर मारायची, कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं.

आम्ही दोघेही स्टेशनवर तिकीट कलेक्टर होतो. मध्यप्रांताच्या राजधानीचं स्टेशन, पांढरा कोट, पितळी बटणं. त्या कोटातला माणूस बाकाखाली वाकलेला पाहिला की हमालसुद्धा हसायचे.

"हे काय चालवलंस?" असं मी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे. "नाद आहे, बाप्पा! कोणाले कबुतराचा असतो, कोणाले गाण्याचा. मले याचा."

त्या काळी सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचं एक छोटं चित्र यायचं. कधी जहाज, कधी पूल, कधी परमुलखातला पक्षी. मागे नंबर आणि इंग्रजीत चार ओळी माहिती. पन्नास चित्रांचा एक संच. बरेच साहेब लोक पाकिटाबरोबर चित्रही फेकून द्यायचे. आणि हा स्वतः साधी सुपारीही खात नसे.

एकदा कामठी छावणीतल्या एका गोऱ्या शिपायाने त्याची गंमत करायला खिडकीतून मुद्दाम पाकीट खाली टाकलं. खिडकीत चार तोंडं हसत होती. हा वाकला, पाकीट उचललं, आतलं चित्र नीट पाहिलं आणि ते पाकीट परत खिडकीत ठेवत इंग्रजीत म्हणाला, "आभारी आहे साहेब, पण हे माझ्याकडे आहे."

"घरी बायको काही म्हणत नाही का?" मी विचारायचो.

"तिची काही हरकत नाही," एवढंच तो म्हणायचा आणि आपल्या बुटांकडे पाहायचा. मला त्या न पाहिलेल्या बाईची दया यायची. नवरा फलाटावरचा कचरा खिशात भरून आणतो आणि ती बिचारी मुकाट सोसते. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही हेच समजला असता.

मी आमच्या हेड टी.सी.ला या गोष्टी रंगवून सांगायचो. वाकण्याची नक्कलही करायचो. पुढे जे झालं त्यात माझा हात इथूनच आहे.

एका साहेबाची चांदीची सिगारेटची डबी हरवली. मुक्कामावर पोचल्यावर त्याने तार केली की नागपूरला गाडी बदलताना डबी डब्यात राहिली. हेड टी.सी.ला लगेच माझ्या नकला आठवल्या. डब्यात कोण शिरतं? कोण बाकाखाली हात घालतं? सिगारेटच्या वस्तूंचा नाद कोणाला आहे? दुपारपर्यंत त्याला कामावरून दूर केलं होतं, आणि घराच्या झडतीला पंच म्हणून फौजदाराने मलाच सोबत घेतलं.

नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात त्याचं घर. पुढचा भाग थोरल्या भावाचा, मागच्या दोन खोल्या याच्या. तो भिंतीला टेकून उभा होता. मला पाहून त्याने मान हलवली. बरं झालं ओळखीचं कोणी आलं, अशा अर्थाने!

माळ्यावरून एक पत्र्याची पेटी निघाली. आत जुन्या लुगड्याच्या कापडाची पानं होती. एकेका पानावर बारा कप्पे शिवलेले आणि कप्प्याकप्प्यात एक चित्र. टाके तांदळाच्या कणीएवढे.

"ये किसका है?" फौजदाराने विचारलं.

"माझं आहे, साहेब. माझा नाद आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून आवाज आला, "खोटं बोलून राहिले ते."

आणि ती बाहेर आली. डोक्यावर पदर, हाताला पीठ. परका पुरुष आला तर पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जायचं, अशी त्या घराची रीत. ती दोन परक्या पुरुषांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चित्रं माझी आहेत. हे नुसते आणून देतात. नाद माझा आहे."

मी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चार वर्षं आमची थट्टा ऐकून घेणाऱ्या त्या माणसाने डोळे मिटून घेतले होते.

फौजदार हसला. बाई चित्रं जमवते यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने एक चित्र उपसलं आणि पाठीमागची बाजू तिच्यापुढे धरली. तिने वाचलं. अडखळत, एकेक अक्षर लावत, पण इंग्रजी वाचलं! जी बाई एक दिवसही शाळेत गेली नव्हती तिने. मग मराठीत म्हणाली, "हा लोखंडी पूल. पोळ्याच्या दिवशी आणला." दुसरं चित्र. "हे जहाज. मी तापाने पडले होते तेव्हाचं." तिसरं, चौथं. तिला प्रत्येकाचा दिवस माहीत होता.

शेवटी तिने भिंतीतल्या देवळीतून एक सुटं चित्र आणलं. "परवा त्या गाडीतून आणलं ते हे. कोपरा ओला होता म्हणून अजून शिवलं नाही. साहेब, हे पडलेलं उचलतात. कोणी ठेवलेलं उचलत नाहीत."

फौजदाराने पेटी स्वतःच्या हाताने बंद केली.

तिसऱ्या दिवशी साहेबाची दुसरी तार आली. डबी त्याच्याच वळकटीत सापडली होती. माफीचा त्यात शब्द नव्हता. याला कामावर परत घेतलं आणि मला वाटलं, संपलं.

पण घरात ते संपलं नव्हतं. थोरल्या भावाने अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सायबाच्या उष्ट्या पाकिटातला कचरा घरात? आणि घरची सून पोलिसापुढे तोंड उघडते? ती पेटी जाळ, नाहीतर घर सोड."

भावासमोर कधी मान वर न केलेला हा माणूस. तो शांतपणे जेवला, हात धुतले, आणि दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज देऊन मोकळा झाला. मागितलं काय, तर गोंदियाकडच्या छोट्या लाईनीवरचं एक स्टेशन, जिथे पहिल्या वर्गाचा उतारू वर्षात एखादा यायचा, पण दोघांना राहायला क्वार्टर मिळायचं.

तो जाण्याआधी मी त्याला गाठलं. हेडला नकला करून दाखवणारा मीच होतो, हे सांगून टाकलं. वाटलं, थोबाडीत देईल.

"मले माहीत होतं गा," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्यापेक्षा मोठी चूक माझीच होती. लोक तिला हसू नयेत म्हणून मी माझं नाव सांगत होतो. ती रोज म्हणायची, माझं एवढं एक आहे, तेही तुम्ही तुमच्या नावावर काहून करून राहिले? मी समजायचो, मी तिला सांभाळून राहिलो. त्या दिवशी ती बाहेर आली, तेव्हा मले समजलं."

दोन वर्षं गेली. मधूनमधून गार्डांच्या तोंडून खुशाली कळायची. मी एकदा जाऊन येईन म्हणत होतो. जाणं झालं नाही.

मग एक पोस्टकार्ड आलं. अक्षर वळणदार, ओळी सरळ. "हे मंगळवारी गेले. तीन दिवस ताप होता. तुम्हाला कळवा असं म्हणाले होते." एवढंच. मी ते उभ्यानेच तीनदा वाचलं. माझ्याहून एका वर्षाने लहान होता तो. गाडी फलाटाला लागली, उतारू माझ्या समोरून निघून गेले, आणि एकाही तिकिटाला मी हात लावला नाही.

रजा मिळून मी तिथे पोचेपर्यंत महिना उलटला होता. त्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या कुटुंबाचे कपडे वाळत होते. स्टेशन मास्तरांना विचारलं, "बाई कुठे आहेत?"

"बाई गेल्या अमरावतीले."

"माहेर आहे तिकडे?"

"नाही हो. मास्तरणी तयार करतात त्या शाळेत. एकट्या गेल्या, तिकीटही स्वतः काढलं." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "त्या शाळेच्या अर्जावर नवऱ्याची सही लागते. ताप यायच्या आठ दिवस आधी याच टेबलावर बसून त्यानं सही केली. मी म्हटलं, अरे, बायको दोन वर्षं तिकडे राहील, तुझ्या जेवणाचं कसं? तर हसून म्हणतो, 'मी भाकरी थापायले शिकून राहिलो, मास्तर.'"

"शिकला होता?"

"हो. आणली होती एक मले दाखवायला. मधे जाड, कडेला फाटलेली. पण भाजली होती चांगली."

मी बाहेर आलो. परतीच्या गाडीला तीन तास होते. फलाटावर एकच बाक होता, त्यावर बसलो. बाईंना भेटून काय बोलायचं ते सगळं वाटेत ठरवून आलो होतो. समोर रूळ उन्हात चमकत होते आणि मला त्यातला एक शब्दही आठवत नव्हता.