आपल्याच वेलाचा भोपळा

दिवाळीनंतर आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. घरचं पहिलं पीक वेदीपुढे ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. यंदा शेजारचे सामुएलकाका एका लाल भोपळ्यासाठी इरेला पेटले. तो पटकावून ऐटीत बाहेर आले, तर काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, हा आपल्याच वेलाचा! सकाळी मीच आणून ठेवला."

सगळे हसले. काकांनी भोपळा आणखी घट्ट धरला. "असू दे गं. सकाळी तो नुसता आपला होता. आता देवानं दिलाय."

घरी येऊन मी चहा ठेवला. तेच चेपलेलं पातेलं, खिडकीत तीच जुई, पेपर तोंडावर घेऊन घोरणारा तोच नवरा. मनात आलं, या सगळ्यांचा लिलाव निघाला असता, तर मीही शेवटपर्यंत हटले नसते.