बंद शाळेचा रिपोर्ट

टेपचं एक टोक भिंतीला धरून मी मापं घेत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "इंजिनेरानू, शाळा बंद म्हणान लिवू नकात हां."

सुमतीबाई. याच शाळेतून रिटायर झालेल्या. हळर्णच्या बाजूला एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीत, ही मराठी प्राथमिक शाळा होती. दोन खोल्या, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. मुलं कमी होत होत संपली, शेवटच्या मास्तरांची बदली झाली, दाराला कुलूप लागलं. आता वाड्यावरच्या तरुणांना तिथे युवा केंद्र हवं होतं. त्यांचा म्होरक्या संदेश, तुयेच्या फॅक्टरीत शिफ्ट करणारा. एका खोलीत अभ्यास, दुसरीत भजनाची आणि नाटकाची तालीम, एवढंच त्याचं मागणं.

"नायतर पोरां सांजेक बारार बसतत, साहेब," तो म्हणाला. संध्याकाळी दारूच्या बारमध्ये बसणाऱ्या त्या पोरांत त्याचा धाकटा भाऊही होता.

मी ज्युनियर इंजिनिअर. नोकरी नवी, मिशी नवी, अक्कल तर अजून यायची होती.

"बाई, शाळेत एक तरी मूल आहे का?"

"ना. पण दर वर्सा दसऱ्याक पाटयेर सरस्वती काडून पुजतंय. घंटा वाजयतंय."

म्हातारपणी सवय सुटत नाही, असं मनात म्हणत मी मान हलवली आणि पुढच्या भिंतीकडे वळलो.

ऑफिसात साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला. युवा केंद्राच्या स्कीमची अट होती की इमारत 'डिसयूज्ड', म्हणजे वापराविना पडून असलेली हवी.

"सर, तिथे दर वर्षी पूजा होते. लिहू का?"

"पूजा? शाळा कायमची बंद, एवढं लिही आणि सही कर. फाईल अडकवायचीय का तुला?"

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

मंजुरी आली. वासे वाळवीने पोखरलेले, म्हणून कॉन्ट्रॅक्टरने आधी कौलं उतरवली. त्याच आठवड्यात कोर्टाचा स्टे आला. स्टे म्हणजे काम जिथे असेल तिथे थांबवा. जमीन मुळात एका भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. पोर्तुगीज गेल्यावर गावात शाळा निघाली तेव्हा त्याने ती लिहून दिली होती. अट एकच, शाळा चालेल तोवर. आता त्याचा नातू जमीन परत मागत होता. पुरावा म्हणून त्याने माझ्याच रिपोर्टची कॉपी जोडली होती.

ही अट अख्ख्या वाड्याला ठाऊक होती. म्हणूनच ती पूजा, ती घंटा. कुलूप दिसत असूनही 'बंद' हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नव्हतं. अभ्यासाची खोली सुरू झाली की शाळा चालूच राहिली, असं संदेशने धरलं होतं. सरकारी माणसापुढे ही दुखरी जागा आपणहून कोण दाखवणार? मी विचारायला हवं होतं.

"सर, निदान ताडपत्री घालू द्या."

"स्टे म्हणजे स्टे. खिळासुद्धा मारायचा नाही."

चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंट नव्हतं, माती होती. उघड्या पडलेल्या भिंती पावसात भिजत राहिल्या. आषाढात मधली भिंत बसली, श्रावणात पश्चिमेची.

दसऱ्याला मी गेलो, चोरासारखा. उरलेल्या जोत्यावर बसून बाई पाटीवर सरस्वती काढत होत्या. शेजारी संदेश उभा होता.

"भाऊ कुठे तुझा?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"बारार," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी बाईंची माफी मागितली. त्यांनी पाटीवरून मान वर केली नाही.

"आता लिवा, शाळा चालू आसा म्हणान."

तसा फॉर्म आमच्याकडे नव्हता. कोर्टात पुढे जमीन नातवाकडे गेली. चिरेही त्यानेच उचलून नेले.

त्यानंतर नोकरीभर मी टेप बाहेर काढण्याआधी दोन गोष्टी विचारत आलो: जमीन कुणाची, आणि ती कशासाठी दिलेली. तिसरीही विचारतो, काय लिहायचं नाही? ही तिसरी गोष्ट बाईंनी मी न विचारताच सांगितली होती.